लॅरी वॉकरची सहा मतं

२१ जानेवारी २०२० रोजी बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनाच्या, निवडणुकीचा निकाल लागला, तेव्हा लॅरी वॉकरच्या नावापुढे ३०४ मतं होती. एकूण मतपत्रिका ३९७, निवडून यायला लागणारी मतं २९८. दहाव्या आणि शेवटच्या संधीला तो सहा मतांनी आत गेला. निकालाआधी त्यानं स्वतःच ट्विटरवर लिहून टाकलं होतं की आज थोडक्यात हुकणार असं दिसतंय, पाठिंब्याबद्दल सगळ्यांचे आभार. याच खेळाडूला २०१४ मध्ये ५७१ पैकी ५८ मतं पडली होती.

वॉकर शेवटचा सामना खेळला २००५ साली. २०१४ ते २०२० या काळात त्याच्या नावावर एकाही धावेची भर पडली नाही. मग १०.२ टक्क्यांचे ७६.६ टक्के झाले कसे? दोन उत्तरं दिली जातात. एक म्हणजे मतदारांना त्याचे आकडे उशिरा नीट वाचता आले. दुसरं म्हणजे मतपत्रिकेवर जागा मोकळी झाली आणि शेवटचं वर्ष म्हणून लोकांचं मन वळलं. दोन्हींत तथ्य आहे, पण कुठल्याचा वाटा किती हे तपासल्याशिवाय ‘वॉकर लायक होता का’ या प्रश्नाला काही अर्थ राहत नाही. टक्केवारी ही लायकीची मोजपट्टी असेल, तर हा माणूस २०१४ मध्ये नालायक होता आणि २०२० मध्ये लायक झाला असं म्हणावं लागेल.

आधी नियम, थोडक्यात. किमान दहा हंगाम खेळलेला आणि निवृत्तीला पाच वर्षं झालेला खेळाडू मतपत्रिकेवर येऊ शकतो. मतदार म्हणजे बेसबॉल रायटर्स असोसिएशनचे, सलग दहा वर्षं सभासद राहिलेले पत्रकार. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते. एकावरही केली नाही, तरी चालतं. ७५ टक्के मिळाले की खेळाडू कूपर्सटाउनला (हॉल तिथे आहे), ५ टक्क्यांच्या खाली गेला की यादीतून बाहेर. मधल्यांना दरवर्षी पुन्हा संधी. पूर्वी या संधी पंधरा होत्या, जुलै २०१४ मध्ये हॉलच्या संचालक मंडळानं त्या दहावर आणल्या.

आता वॉकरचं प्रगतिपुस्तक. जन्म ब्रिटिश कोलंबियातल्या मेपल रिजचा, म्हणजे कॅनेडियन. १९८९ ते १९९४ माँट्रियल एक्स्पोज, १९९५ पासून २००४ च्या ऑगस्टपर्यंत कोलोरॅडो रॉकीज, मग २००५ अखेर सेंट लुइस कार्डिनल्स. जागा राइट फील्ड, म्हणजे मैदानाची उजवी बाहेरची बाजू. १,९८८ सामने, सरासरी .३१३, ऑन-बेस .४००, स्लगिंग .५६५. होम रन ३८३, चोरलेले बेस २३०. तीनदा लीगमध्ये सर्वोच्च सरासरी (१९९८, १९९९, २००१), १९९७ साली नॅशनल लीगचा एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू), क्षेत्ररक्षणासाठीचे सात गोल्ड ग्लोव्ह.

(बेसबॉल फारसा न पाहणाऱ्यांसाठी: ऑन-बेस म्हणजे शंभरातल्या किती वेळा फलंदाज बाद न होता बेसवर पोचला ते. स्लगिंग म्हणजे दर अधिकृत फलंदाजीमागे फटक्यातून किती बेस मिळवले ते. दोन्हींची बेरीज म्हणजे ओपीएस. .८०० चांगला, .९०० उत्तम, १.००० च्या वर वर्षानुवर्षं राहणारे मोजके.)

हे आकडे नुसते पाहिले तर वाद कशाला, असं वाटेल. वाद आहे तो डेन्व्हरच्या कूर्स फील्डचा. मैदान समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर आहे. वरच्या गॅलरीत विसाव्या रांगेतल्या खुर्च्या जांभळ्या रंगवल्या आहेत, ती नेमकी ५,२८० फुटांची रेघ. तिथे हवेची घनता किनाऱ्यावरच्या मैदानांपेक्षा साधारण १८ टक्क्यांनी कमी. चेंडू लांब जातो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. दोन गोष्टी मात्र सहसा सुटतात. पहिली, चेंडू लांब जातो म्हणून मैदान मुद्दाम मोठं बांधलं: डावीकडे ३४७ फूट, मध्ये ४१५, उजवीकडे ३५०. सीमेवरची भिंत लांब गेल्यामुळे तीन आउटफील्डरांना राखायचा परिसर अवाढव्य झाला आणि त्यांच्यामध्ये पडणारे चेंडू वाढले. म्हणून कूर्सवर होम रनच नव्हे, तर सिंगल, डबल, ट्रिपल सगळंच वाढतं आणि सरासरी फुगते. दुसरी गोष्ट, विरळ हवेत फिरकीचा परिणाम कमी होतो, त्यामुळे पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) कर्व्हबॉल आणि स्लायडर हवा तेवढा वळत नाही. १९९६ आणि १९९९ मध्ये इथे दर सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून जवळपास पंधरा धावा व्हायच्या. २००२ मध्ये चेंडू दमट खोलीत ठेवायला सुरुवात झाली (७० अंश फॅरनहाइट, ५० टक्के आर्द्रता), कारण डेन्व्हरच्या कोरड्या हवेत ते सुकून कडक व्हायचे. वॉकरचे तिथले पहिले सात हंगाम त्या खोलीच्या आधीचे आहेत.

कूर्सवरचे वॉकरचे आकडे अक्षरशः बेतालच आहेत: ५९७ सामन्यांत .३८१ सरासरी, .४६२ ऑन-बेस, .७१० स्लगिंग, १५४ होम रन. म्हणजे तीस टक्के सामन्यांत चाळीस टक्के होम रन. १९९९ ला तर घरच्या मैदानावर .४६१ सरासरी आणि बाहेर .२८६. पाटा खेळपट्टीवर काढलेलं त्रिशतक आपण कसं पाहतो, तसंच अनेक मतदारांनी याकडे पाहिलं. शंका रास्त होती. बिघडलं ते वजावट करताना.

मैदानाची वजावट अशी करतात. घरच्या सामन्यांत दोन्ही संघांच्या मिळून दर सामन्यात किती धावा झाल्या आणि त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांत किती, यांचं गुणोत्तर काढायचं. समजा घरी १५, बाहेर १०, तर गुणोत्तर १.५. पण खेळाडू निम्मेच सामने घरी खेळतो, म्हणून १.५ आणि १ यांची सरासरी घ्यायची, ती येते १.२५. एका वर्षाचा आकडा हवामानानं किंवा नशिबानं हलतो, म्हणून तीनेक वर्षांचा मिळून घेतात. आता या खेळाडूनं १०० धावांइतकं काम केलं असेल, तर १.२५ ने भागून ते ८० धावांचं धरायचं. (प्रत्यक्षात बाकीच्या मैदानांसाठी आणखी बारीक दुरुस्त्या असतात, पण गाभा हाच.) हे सगळं करून लीगच्या सरासरीशी तुलना केली की मिळतो ओपीएस प्लस. १०० म्हणजे लीगचा सरासरी फलंदाज.

वॉकरचा कारकिर्दीचा ओपीएस प्लस १४१ आहे, आणि तो वजावटीनंतरचा आहे. किती कडक वजावट झाली ते दोन हंगाम शेजारी ठेवून पाहावं. १९९४ ला माँट्रियलमध्ये त्याचा ओपीएस .९८१ होता, ओपीएस प्लस १५१. १९९९ ला डेन्व्हरमध्ये ओपीएस १.१६८, ओपीएस प्लस १६४. कच्च्या आकड्यात १८७ अंकांची उडी, वजावटीनंतर उरले जेमतेम तेरा. कूर्सचं माप वॉकरच्या पदरातून आधीच काढून घेतलेलं आहे.

तरीही वर्षानुवर्षं युक्तिवाद असा चालला: ‘१४१ वगैरे ठीक, पण तो कूर्सवर खेळला ना!’ ही दुसरी वजावट, आणि सगळा घोळ इथेच आहे. एकतर कच्चे आकडे घ्या आणि मनाने कापा, नाहीतर कापलेले आकडे घ्या आणि गप्प बसा. दोन्ही एकदम करता येत नाही.

‘मग फक्त बाहेरचे आकडे बघू’ हा पुढचा पवित्रा. ऐकायला निःपक्षपाती वाटतो, पण त्यात खोट आहे. बाहेर वॉकरचं .२७८, .३७०, .४९५, म्हणजे ओपीएस .८६५. हा आकडा हॉलमधल्या बऱ्याच जणांना शोभेल असा आहे, पण डोळे दिपवणारा नाही. एक तर बहुतेक खेळाडू बाहेरपेक्षा घरी बरे खेळतात. ओळखीची पार्श्वभूमी, प्रवास नाही, शेवटची फलंदाजी आपली. बाकी साऱ्यांचं घर मोजायचं आणि एकट्या वॉकरचं नाही, हा न्याय नव्हे. दुसरं म्हणजे रॉकीजचे फलंदाज बाहेर नेहमीपेक्षा जास्त घसरतात. आठवडाभर कमी वळणारे कर्व्हबॉल पाहून समुद्रकाठच्या सॅन दिएगोला उतरलं की तिथला पहिला कर्व्ह अर्धा फूट जास्त पडल्यासारखा वाटतो. म्हणजे कूर्स घरी जे देतं त्यातलं थोडं बाहेर वसूल करतं. बाहेरचे आकडे हा खरा वॉकर नव्हे, तोही मैदानाच्याच परिणामाखालचा वॉकर आहे.

आणि एमव्हीपीचं वर्ष? १९९७ ला त्यानं .३६६ च्या सरासरीनं ४९ होम रन मारले आणि ३३ बेस चोरले. त्या ४९ पैकी २९ बाहेरच्या मैदानांवर. घरचा ओपीएस १.१६९, बाहेरचा १.१७६. कूर्स नसतं तरी ते वर्ष तसंच गेलं असतं.

मैदानच खेळाडू घडवतं असं ज्यांना वाटतं त्यांनी दान्ते बिशेटची फाइल काढावी. तोच संघ, तेच आउटफील्ड, तीच हवा. १९९५ मध्ये .३४० सरासरी, ४० होम रन आणि एमव्हीपीच्या मतदानात दुसरा क्रमांक. १९९९ ला १३३ आरबीआय (त्याच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या धावा). कच्चे आकडे तोंडाला पाणी सुटावं असे. पण कारकिर्दीचा ओपीएस प्लस १०७, म्हणजे सरासरीपेक्षा थोडा वर. १९९९ च्या त्या १३३ आरबीआयवाल्या हंगामात वजावट केली आणि क्षेत्ररक्षण धरलं, तर त्याचं एकूण योगदान शून्याखाली जातं. २००७ ला मतपत्रिकेवर आला आणि तीन मतं घेऊन बाद झाला. गाळणी काम करते, ती फुगवटा बरोबर पकडते. तीच गाळणी वॉकरला १४१ देत असेल, तर ते मान्य करायला अडचण काय?

फलंदाजी हा त्याच्या दाव्याचा अर्धा भाग झाला. ‘वॉर’ नावाच्या एकत्रित मोजमापात (मायनर लीगमधून कधीही मिळेल अशा बदली खेळाडूपेक्षा यानं किती विजय जास्त दिले) वॉकरच्या नावावर ७२.७ आहेत. त्यात फलंदाजीतून सरासरीपेक्षा सुमारे ४२० धावा जास्त, राइट फील्डमधून सुमारे ९०, बेसवर धावण्यातून आणखी चाळीसेक. शेवटचे दोन आकडे हवेच्या घनतेवर अवलंबून नाहीत. सिंगलवर पहिल्या बेसवरून तिसऱ्यावर जाणं, भिंतीजवळून तिसऱ्या बेसवर सरळ थ्रो मारून धावणाऱ्याला जागेवर थांबवणं, या गोष्टी धावफलकात दिसत नाहीत, आणि मतदार पूर्वी धावफलक बघून मत द्यायचे.

तुलनेला व्लादिमीर गरेरो घ्या. वॉकर गेल्यावर माँट्रियलच्या राइट फील्डमध्ये उभा राहिलेला खेळाडू. ४४९ होम रन, ओपीएस प्लस १४०, वॉर ५९.५. २०१८ ला, दुसऱ्याच वर्षी, ९२.९ टक्क्यांनी निवडून आला. फलंदाजीत दोघे तोडीस तोड, इतर बाबतींत वॉकर स्पष्ट पुढे. त्याच वर्षी वॉकरला ३४.१ टक्के होते. हा फरक कूर्सनेच पाडला, दुसरं कारण शोधून सापडत नाही.

वॉकरच्या विरुद्धचा खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो फार कमी जणांनी मांडला. तो मैदानावर पुरेसा उभाच राहिला नाही. १६२ सामन्यांच्या हंगामात १५० चा आकडा त्यानं एकदाच ओलांडला, १९९७ ला, १५३. १४० च्या वर एकूण चारच हंगाम. १९९६ ला सेंटर फील्डच्या भिंतीवर आदळून कॉलरबोन मोडलं आणि वर्ष ८३ सामन्यांत संपलं. २००० ला ८७, २००४ ला ८२. १९९४ चा दोष मात्र त्याचा नाही. त्या ऑगस्टमध्ये संप झाला, तेव्हा माँट्रियल ७४ विजय, ४० पराभव अशा सगळ्यात चांगल्या नोंदीवर होतं आणि हंगाम तिथेच आटोपला. परिणाम म्हणजे कारकिर्दीत २,१६० हिट्स आणि ३८३ होम रन, म्हणजे ३,००० आणि ५०० या दोन्ही पायऱ्यांपासून लांब. ज्यांना हॉलमध्ये दीर्घकाळ टिकलेलेच हवेत, त्यांचा ‘नाही’ समजण्यासारखा आहे. याच शंकेसाठी जे जॅफी या बेसबॉल लेखकानं केलेलं ‘जॉज’ नावाचं माप वापरतात: कारकिर्दीचा वॉर आणि सर्वोत्तम सात हंगामांचा वॉर, यांची सरासरी. वॉकरचं ७२.७ आणि ४४.७, सरासरी ५८.७. हॉलमधल्या राइट फील्डरांची त्या वेळची सरासरी ५७ च्या आसपास. सामने गमावूनही तो रेषेच्या किंचित वर राहतो. आमच्या मते प्रकरण इथेच निकाली निघतं, पण ‘किंचित’ हा शब्द प्रामाणिकपणे वाचावा. हा काही बेब रूथ नव्हे.

आता मतपत्रिकेची बाजू. वर्षवार टक्केवारी अशी: २०११ ला २०.३, मग २२.९, २१.६, २०१४ ला १०.२, ११.८, १५.५, २०१७ ला २१.९, ३४.१, २०१९ ला ५४.६ आणि शेवटी ७६.६. २०१४ ची घसरण पाहा. एका वर्षात निम्मी मतं गेली. कोणी त्याच्याविषयीचं मत बदललं नव्हतं, मतपत्रिका तुंबली होती. २०१३ पासून बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स यादीत होते. स्टेरॉइड्सच्या वादामुळे ७५ गाठत नव्हते आणि मोठेपणामुळे ५ च्या खाली जात नव्हते. दहा वर्षं ते दोन जागा अडवून बसले, शेवटी २०२२ ला दोघेही ६५-६६ टक्क्यांवर संपले. त्यात २०१३ ला एकही निवडून आला नाही आणि २०१४ ला मॅडक्स, ग्लॅविन, थॉमस नव्यानं आले. त्या वर्षी प्रत्येक मतपत्रिकेवर सरासरी ८.३९ खुणा होत्या आणि निम्म्या मतदारांनी दहाच्या दहा जागा भरल्या. ज्याला तेरा जण लायक वाटतात त्यानं तीन कापायचेच. वॉकर कापला जायचा. कोऱ्या चौकोनाचा अर्थ ‘नाही’ असतोच असं नाही. कधी तो ‘जागा नाही’ असाही असतो, आणि मोजणीत दोन्ही सारखेच पडतात.

२०१५ मध्ये हॉलनं मतदारयादी छाटली. दहा वर्षांहून जास्त काळ बेसबॉलचं काम सोडलेले पत्रकार वगळले, मतपत्रिका ५४९ वरून ४४० वर आल्या. वॉकरला त्याचा फायदा झाला असं सरसकट म्हटलं जातं. आकड्यांत तो ११.८ वरून १५.५ इतकाच दिसतो. खरी उडी नंतरची आहे. २०१४ ते २०१९ या सहा निवडणुकांत वीस खेळाडू निवडून गेले आणि तुंबा फुटला. २०२० ला सरासरी खुणा ६.६१ वर आल्या. शिवाय शेवटच्या वर्षाची एक रांग लागली होती. आकडेवारीवर भिस्त ठेवणारे मतदार आणि लिहिणारे दरवर्षी एकाच्या मागे जोर लावायचे. २०१७ ला टिम रेन्स दहाव्या वर्षी गेला, २०१९ ला एडगर मार्टिनेझ दहाव्या वर्षी, पुढचा नंबर वॉकरचा. संधी पंधराच्या दहा झाल्यानं त्याची पाच वर्षं कमी झाली, पण २०२० ‘आता नाही तर कधीच नाही’ झालं तेही त्यामुळेच. एका वर्षात २२ टक्के वाढणं त्याशिवाय अवघड होतं.

स्वतः वॉकरला हुकेल असं का वाटलं, याचंही कारण आहे. रायन थिबोडो जाहीर झालेल्या मतपत्रिका गोळा करून रोज आकडा मांडतो. निकालाआधी वॉकर तिथे ऐंशीच्या वर होता. पण आपली मतपत्रिका उघड न करणारे मतदार जास्त कंजूष असतात, त्यामुळे जाहीर आकडा शेवटी काही टक्के खाली येतो. वॉकरच्या बाबतीत तो नेमका रेषेवर येऊन टेकत होता. (सगळ्या मतपत्रिका जाहीर कराव्यात असं पत्रकारांच्या संघटनेनं बहुमतानं ठरवलं होतं, हॉलच्या मंडळानं ते फेटाळलं. का, हे त्यांनाच ठाऊक.)

महामारीमुळे समारंभ ८ सप्टेंबर २०२१ पर्यंत लांबला. वॉकर हा फर्ग्युसन जेन्किन्सनंतरचा दुसरा कॅनेडियन आणि पहिला रॉकीज खेळाडू. फलकावर टोपीही रॉकीजचीच आहे.

मग वाटा कुणाचा किती? शेवटच्या वर्षाची सहानुभूती आणि मोकळी जागा एवढंच कारण असतं, तर पुढच्या रॉकीज खेळाडूला त्याचा उपयोग झाला नसता. पुढचा होता टॉड हेल्टन, आणि त्याची बाजू वॉकरपेक्षा कमकुवत होती. सतराच्या सतरा हंगाम डेन्व्हरमध्ये, आधी माँट्रियल नाही, एमव्हीपी नाही. घरी .३४५, बाहेर .२८७. ओपीएस प्लस १३३, वॉर ६१.८. २०१९ ला त्यानं १६.५ टक्क्यांवर सुरुवात केली. वॉकर आत गेला त्या वर्षी २९.२, मग ४४.९, ५२.०, २०२३ ला ७२.२, म्हणजे अकरा मतं कमी. शेवटच्या वर्षाचा धाक नव्हता, कोणाची मोहीमही तितकी तापली नव्हती. २०२४ ला, सहाव्याच वर्षी, ३८५ पैकी ३०७ मतं घेऊन तोही आत गेला.